कापडाची बाळंतीण

३ डिसेंबर, मंगळवार

दाभेकर सिस्टरने सांगितलंय, काय काय केलंस ते लिहून ठेव, उद्या दुसऱ्या कुणाला शिवायचं झालं तर उपयोगी पडेल. ते वेगळ्या कागदावर लिहीन, मापं आणि कापड. ही वही माझी. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच, अक्षर वेडंवाकडं आहे. पण वाचणार कोण आहे.

झालं असं. सिस्टर महाडला नर्सबायांना बाळंतपण करायला शिकवते. पोलादपूरच्या बाजारात माझं गाद्या-गोधड्यांचं दुकान. तिथे आली तेव्हा मला वाटलं उशीला खोळ हवी असेल. तर तिने पिशवीतून रबराची बाईच काढली. बाई म्हणजे बेंबीपासून मांडीपर्यंतचा तुकडा. शिकणाऱ्यांनी त्यातून रबराचं पोर काढायचं, म्हणजे खऱ्या बाईला हात लावायच्या आधी हाताला सवय होते. पण आपल्याकडच्या दमट हवेने रबर कडक झालंय. पोराचं डोकं अडकतं ते निघतच नाही, आणि पोट चिरलंय.

"मग नवी मागवा की," मी म्हटलं.

तिने मोबाइलवर एक नवी दाखवली. ती डोळे मिचकावते, कण्हते, पण तिला वीज लागते आणि जीपशिवाय ती हलत नाही. सिस्टर म्हणाली, "आमची उपकेंद्रं डोंगरात. शेवटचा चढ पायी. ही बया तिथं कोण नेणार? मला गोणीत मावेल अशी हवी, कापडाची. जिवंत बाईने कमरेला बांधायची आणि बाळंतीण व्हायचं. बाहुलीशी पोरी बोलत नाहीत, मावशी. समोर माणूस असलं की बोलतात."

मी म्हटलं, "मी गाद्या शिवते. असलं नाय शिवत."

बघा विचार करून, म्हणाली आणि तो तुकडा ठेवून गेली. मी लगेच त्यावर चादर टाकली. दुकानात गिऱ्हाईक येतं.

९ डिसेंबर

हो म्हटलंय. सेजलला सहावा लागलाय. माझी एकुलती लेक, तिकडे दिवा स्टेशनजवळ दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मार्चमध्ये ती इथे येणार आणि पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंत होणार. आता ज्या शिकतायत त्यांच्याच हातात माझी पोर जाणार. ते हात नीट तयार झालेले बरे. एवढाच विचार केला.

घरी सांगितलंय की दवाखान्याच्या उशा शिवते.

१७ डिसेंबर

शिवणं सोपं, बघणं अवघड. सिस्टरने आतल्या भागाची चित्रं दिलीत. मी ती उलटी घालून ठेवते आणि लागेल तेव्हा पटकन बघते.

गर्भपिशवी रेक्झिनची केली. बाहेरच्या वाटेला सायकलची ट्यूब लावली, ती ताणते. वार जुन्या मखमलीची, नाळ चिंध्यांच्या वेणीची. पोराच्या डोक्यात काथ्या ठासला आणि टाळूची जागा मऊ ठेवली. वजनासाठी अंगात नाचणी भरली, तर उंदरांनी एक पाय खाल्ला. आता धुतलेली वाळू भरते.

खाल्लेला पाय नेमका आमच्या ह्यांना सापडला.

"आवडे, उशीला पाय कदीपास्नं गो?"

खरं सांगावं लागलं. आधी हसले, मग दार लोटून घेतलं. "वाडीत बोलू नको कुनाला," म्हणाले. मी काय दवंडी पिटणार होते? पण बरं वाटलं की तेही तेच म्हणाले.

रक्ताला कुंकवाचं पाणी करा असं दुकानाशेजारची म्हणाली. तिला वाटलं नाटकाचं काम आहे. कुंकू असल्या कामाला मी लावणार नाही. कोकमाचं आगळ पाण्यात घातलं. रंग बरोबर येतो. आंबट वास येतो, तो येऊ दे.

२ जानेवारी, गुरुवार

आज महाडला पहिल्यांदा वापरून बघितली. बांधायची कुणी यावरच घोळ झाला. नर्सबाया एकमेकींना ढकलत होत्या. मला एवढा वेळ नव्हता, म्हटलं आणा इकडे.

टेबलावर पाठीला लोड घेऊन बसले. साडीवरून ती बांधली, तिचे कापडी पाय माझ्या पायांवर. माझ्या अंगावरचा एक धागा हललेला नव्हता, तरी उघडी पडल्यासारखं झालं. समोर नर्सबाया, पोलादपूरचे सुहास डॉक्टर, आणि किशोर म्हणून एक आरोग्यसेवक. किशोर पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

एकटी साक्षी म्हणून मुलगी जवळ आली. बिरवाडीची आहे, वरच्या एका उपकेंद्रात नुकती लागलीय. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, नाव काय तुमचं? कळा कधीपासून येतायत?"

"नाव आवडी. कळा तुला बघून आल्या."

सगळ्या हसल्या. तेवढं बरं गेलं. पोर निघालं, वार निघाली. मग सिस्टरने आतल्या सलाईनच्या नळीचा चिमटा सोडला आणि कोकमाचं पाणी वाहायला लागलं. टेबलावरून लादीवर, लादीवरून किशोरच्या चपलेपर्यंत. सिस्टर सांगत होती, बघा, किती गेलं बघा, थांबतंय का बघा, बाळंतिणी याच्यानेच जातात. कुणी बघेना. मीही भिंतीकडे तोंड केलं. माझी बाळंतपणं अंधाऱ्या खोलीत झाली. सुईणीने लुगड्याखालून हात घालून सगळं केलं, तिनेसुद्धा बघितलं नाही. आणि इथे ट्यूबलाइटखाली, पुरुषांसमोर.

मधेच उठले आणि ते सोडून टाकलं. येताना एसटीत वाटत होतं की सगळ्यांना कळलंय.

८ जानेवारी

उपाय केला. सासूच्या एका धड लुगड्याचा घोळदार परकर शिवला, नाडी लावून त्या बाईला घातला. घोट्यापर्यंत येतो. हात खालून जातो, बाहेर काही दिसत नाही. आणि बुडाखाली गोधडीची जाड घडी टाचून टाकली, सगळं पाणी पिते. घरी तांब्या ओतून बघितला, लादीवर ठिपका पडला नाही. असलं काम आपल्याला येतं.

१५ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस चांगला गेला. परकर बघून पोरींचे चेहरेच खुलले. सगळ्या पुढे आल्या. किशोरसुद्धा माझ्याशी बोलला. हात परकराखाली घालून पोर काढतात, वार काढतात, पोट चोळतात, आणि शेवटी तोंडाने म्हणतात, "रक्त बघितलं." मग सिस्टर कागदावर खूण करते.

सिस्टर एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, हा परकर काढायला हवा. बघायची सवय लागायला हवी."

मी म्हटलं, "बाईमानसाला उघडं टाकून शिकवनार काय? मग परत त्या पंखा बघत बसतील. आता येतात तरी."

तिने हजेरीचा कागद उचलला. वरून एक साहेब आले होते, त्यांना फार आवडलं. मर्यादा राखून शिकवता, म्हणाले. माझा आणि परकरवाल्या बाईचा फोटो काढला. सुहास डॉक्टर म्हणाले, "मावशी, अशाच प्रत्येक उपकेंद्राला करून द्यायच्या."

साक्षी सगळ्यांत चपळ. सिस्टर म्हणाली, हिचे हात बघा, कापड हलतसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बातमी वाईट आहे. उमरठच्या वरच्या वाडीतला भागोजी, त्याची सून अक्षदा साक्षीच्या उपकेंद्रात बाळंत झाली. मुलगी झाली, सगळं नीट झालं म्हणून घरच्यांनी पेढेसुद्धा वाटले. आणि मग ती काहीबाही बडबडायला लागली. अंगावरचं कापड वर केलं तर खालची गोधडी रक्ताने थबथबलेली. फाटलं होतं आत कुठेतरी. गाडीने महाडला नेलं, तिथून पुढे नेलं. जीव वाचला. पिशवी काढावी लागली.

बावीस वर्षांची आहे.

ह्यांनी विचारलं, "तुज्या शिकवलेल्यांतली का गो ती नर्स?"

"मी काय शिकवते? मी पडून असते."

६ फेब्रुवारी

साक्षी दुकानात आली. तिला उपकेंद्रातून काढून पोलादपूरला आणलंय, वरच्यांचे प्रश्न चालू आहेत. रडत नव्हती. गाद्यांच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मी एक गोष्ट सोडली नाही. तुमच्यावर करायचे तसंच सगळं केलं."

मी भडकले. "माज्यावर ढकलतेस व्हय? माज्या अंगात रक्त हाय का कोकम?"

"ढकलत नाही हो. मी फक्त सांगते." मग म्हणाली, "पोट चोळलं, पोट घट्ट होतं. तोंडाने म्हटलंसुद्धा, रक्त बघितलं म्हणून. ऐकायला सिस्टर नव्हती, तरी म्हटलं."

चहा मागवला होता तो न पिता गेली. मला इतका राग आला होता की गादीचा टाका चुकला आणि सगळी ओळ उसवावी लागली. उसवता उसवता राग गेला. गेला तेव्हा बरं वाटायला हवं होतं.

माझी गोधडीची घडी. ठिपका पडला नाही म्हणून मीच खूश झाले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

भागोजीकडे जाऊन आले. कशाला जातेस म्हणून ह्यांनी अडवलं. मी नारळ घेतला आणि गेले. मनात होतं की सांगून टाकू.

अक्षदाची सासू सुंदराबाई दारातच भेटली. तिने मला नीट बसवलं. त्या नर्सला नावं ठेवील असं वाटलं होतं. तर म्हणते, "पोरगी लय गुनाची बाय. माझ्या सुनंची लाज राकली तिनं. कवाड लावलं, अंगावरचं कापड जरा म्हनून हलू दिलं नाय. नशिबानं मारलं, तिचा काय दोष."

मी नारळ पुढे केला, मान हलवली. सांगायला आले होते ते सांगितलं नाही.

अक्षदा आत निजली होती, वाळून गेलीय. पोर बाजूला. सासू पाणी आणायला गेली तेव्हा मी विचारलं, "तुला कळलं नाय का गो?"

"वलं वलं लागत व्हतं मावशी. म्हटलं सांगावं. पर समोर सासूबाई व्हत्या, त्या नर्सताईबी काय बोलंनात. मला वाटलं, असंल असंच." मग पोराकडे बघून म्हणाली, "आता हीच एक. सासरे तोंडानं काय म्हनत नाय. पर माज्याकडं बगतबी नाय."

तिने मला थोडं थांबा म्हटलं. मी एसटी चुकेल म्हणून उठले. एसटीला अजून खूप वेळ होता. फाट्यावर उन्हात बसून राहिले.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यात सुहास डॉक्टरांकडे गेले. दाभेकर सिस्टरही तिथेच होती. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आलात. बाकीच्या उपकेंद्रांच्या कधी देताय?"

मी सांगितलं, परकराच्या नाही देणार. साक्षीने केलं ते माझ्या परकराने शिकवलं होतं. वरच्यांना लिहायचं तर तसं लिहा.

डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घातल्यासारखे. "मावशी, तुमचा काय संबंध? तुम्ही शिवून दिलंत. बघायचं काम तिचं होतं."

किती पटकन मला सोडून दिलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गादीवालीला शिव्यासुद्धा कोण घालतंय.

सिस्टर खिडकीकडे बघत म्हणाली, "काढा म्हणून मी सांगितलं होतं. एकदाच सांगितलं. मग हजेरी वाढली आणि मी गप्प बसले." पुढे डॉक्टरांना म्हणाली, "लिहायचं तर माझं नाव लिहा."

डॉक्टरांचं हसणं गेलं. लिहितो, म्हणाले. काय लिहितील देव जाणे. कापडाची बाई तिथेच कोपऱ्यात ठेवलेली होती. मी टेबलावरची कात्री घेतली आणि तिथेच तिचा परकर कापला. गोधडीची घडीही उसवली. जाड सुताचे टाके, माझेच, निघता निघेनात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवीन केली ती तशीच नेली, परकराविना. खाली पांढरं प्लास्टिक, काही पीत नाही. चादर दिली आहे, पण ती पोटावर दुमडून ठेवायची. चादर वर करायची म्हणजे आधी बाईला सांगायचं, "ताई, बघते हां," आणि मग नीट बघायचं, पुन्हा पुन्हा बघायचं. हे सिस्टरने ठरवलं.

पहिल्यासारखंच झालं. माना खाली, किशोर पंख्याकडे. मी बसल्या जागेवरून आवाज चढवला. "काय बगताय वर? पंख्याला पोर व्हनार हाय? इकडं बगा. ही कापडाची हाय. हिला लाज नाय, तुमालाच आली."

बघितलं मग. साक्षीने शेवटी केलं. दर वेळी चादर वर करून मोठ्याने सांगत होती किती गेलं ते. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आता कोण दुसरीकडे बघेल त्याला मी सोडत नाही. सगळ्या घाबरतात मला.

१६ मार्च, रविवार

शिमग्याला सेजल आली ती राहिली. पाय सुजलेत, बाकी बरी आहे. जावई पालखी नाचवून परत गेला. हिने येताच विचारलं, "आये, तू तिकडं पाय फाकून बसतेस ते खरं काय? माज्या सासूच्या मोबाइलवर फोटो आला. परकरातला."

"मग? काय म्हनाली?"

"हसली. मला मेल्यागत झालं. मी म्हटलं, ती माजी आय नाय, तशीच दिसनारी कुनीतरी हाय."

तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, अक्षदाचंही. ओलं लागलं तर बोलायचं, तिथे कोणीही असो, लाजायचं नाही. चांगली झापली. तिने हो हो केलं. माझी पोर आहे, ऐकेल.

२९ मार्च, शनिवार

सेजलला मुलगा झाला. दोघं सुखरूप. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

पहाटे कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं. ड्युटीवर साक्षी. मनात म्हटलं दुसरी कुणी नाही का, आणि मग स्वतःलाच आवरलं. आत एक बाईमाणूस राहू देतात, मी राहिले. सेजलचा हात धरून होते. साक्षी पहिल्या दिवशी माझ्याशी बोलली होती तशीच तिच्याशी बोलत होती. प्रत्येक वेळी, "ताई, बघते हां." सगळं शिकवल्यासारखं. मला भरून आलं. म्हटलं, हे मी उभं केलंय.

पोर आलं, रडलं. वार आली. चादर पोटावर दुमडलेली, साक्षी खाली बघत उभी. तेवढ्यात दार उघडलं आणि सुहास डॉक्टर आत आले, त्यांच्या मागे किशोर, कसली तरी बाटली घेऊन.

आणि माझ्या हाताने चादर खाली ओढली.

मी ओढली असं म्हणवत नाही. पण हात माझाच. सेजलच्या पायांवरून थेट घोट्यापर्यंत.

साक्षीने चादर वर केली. "मावशी, हात काढा."

मी परत ओढली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा मला कळत होतं. डॉक्टर डोक्याशी उभे, किशोर दारात, आणि माझी पोर तशी. मला दुसरं काही दिसत नव्हतं. रक्त दिसत नव्हतं. साक्षीने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि चादरीवरून सोडवलं.

"बाहेर व्हा."

"माजी पोर हाय ती."

"म्हणूनच सांगते. बाहेर व्हा."

सेजल माझ्याकडे बघत होती. इतके दिवस त्या टेबलावर बसून मी ज्या नर्सबायांना तोंडाला येईल ते बोलले, त्या सगळ्या तिच्या बघण्यात होत्या.

बाहेर बाकावर बसले. ह्यांनी विचारलं, "भाईर का आलीस?" मी म्हटलं, आत उकडतंय. दारातून साक्षीचा आवाज येत होता, किती गेलं ते सांगत होती, थोड्या वेळाने पुन्हा सांगत होती. डॉक्टर हं म्हणत होते.

मग ती बाहेर आली. हातात ट्रे, त्यात सेजलच्या खालचं कापड. माझ्यासमोर धरला. "बघा मावशी, एवढंच गेलंय. थांबलंय आता."

रागाने नाही बोलली. नातेवाइकांना दाखवून सांगायचं, ही सिस्टरचीच शिकवण. पण शेजारी हे बसले होते, समोरून दोन पुरुष चालले होते. माझी मान भिंतीकडे वळली.

भिंतीवर लसीकरणाचा कागद होता. तो मी वाचत राहिले. मग म्हटलं, "दाखव."

वळले तर ती आत गेली होती.